ओटी घ्यायची ती शेवटच्या नळावर

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका गावात जुलाब-उलट्यांची लागण झाली. सगळ्या गावात नाही, फक्त खालच्या आळीत. पण तिथे घरटी एक तरी माणूस सलाईनवर. त्या आठवड्यात मी ग्रामपंचायतीत बसून टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, नोंदवही चाळली. जून, जुलै, ऑगस्ट. प्रत्येक तारखेपुढे 'ओटी पॉझिटिव्ह', म्हणजे तपासलेल्या पाण्यात क्लोरीन सापडलं. एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं. डीपी जळाल्यामुळे तीन दिवस पंप बंद होता, गावात पाण्याचा थेंब सुटला नव्हता. त्या तीन दिवसांपुढेही 'ओटी पॉझिटिव्ह'.

वही लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. वही बघायला येणारे वर्षातून दोन-तीनदा येतात, पानं भरलेली आहेत ना एवढं पाहतात आणि सही करून जातात. पण न सोडलेलं पाणी वहीत तपासलेलं सापडतं आणि माणसं ज्या पाण्याने आजारी पडली तेही वहीत शुद्धच असतं, तेव्हा गावाने काही गोष्टी तोंड उघडून मागायला हव्यात. त्या मुद्देवार मांडतो.

1. पाणी रोजचं, तपासणी सहामाही

गावच्या नळयोजनेच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि अणुजीव तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशी पद्धत आहे. ती हवीच. पण प्रयोगशाळेचा कागद सांगतो तो बाटली भरली त्या एका सकाळचा. मेमध्ये नमुना चांगला आला आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ओढ्याचं पाणी विहिरीत उतरलं, तर मेचा कागद कुणाला वाचवणार? सगळा धोका पावसाळ्यात, आणि पावसाळा नेमका दोन तपासण्यांच्या मधे पडतो.

रोजची राखण करतं ते पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 10500 म्हणतं, लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असावं. विषाणूंची भीती असेल तिथे निदान 0.5. ते आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीच्या द्रावणाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी पांढरं राहिलं तर नाही. मिनिटभराचं काम. एवढं मिनिट रोज, खरोखर आणि योग्य जागी घालवलं जावं, एवढीच माझी मूळ मागणी आहे. बाकीचे मुद्दे तिच्यापोटीच येतात.

2. योग्य जागा म्हणजे टाकीचा पायथा नव्हे

जिथे ओटी घेतली जाते तिथे ती बहुधा टाकीखालच्या नळावर घेतली जाते. टाकीत नुकती टीसीएल पडलेली असते, पाणी पिवळं न होऊन जाईल कुठे? प्रश्न टाकीच्या पुढे सुरू होतो.

साथ ओसरल्यावर मी एका सकाळी जलसुरक्षकाबरोबर पाइपलाइनच्या बाजूने चालत गेलो. टाकीखाली नळी हळदीसारखी पिवळी. शाळेजवळ फिक्की, पण पिवळीच. मारुतीच्या देवळामागे व्हॉल्व्हचा चौकोनी खड्डा आहे. त्यावर फरशी नाही, आत गुडघाभर काळं पाणी आणि त्या पाण्यात बुडालेला व्हॉल्व्ह. तिथून पुढे लाइन गटाराच्या कडेने जाते आणि दोन ठिकाणी गटाराच्या पोटातून. खालच्या आळीत शेवटच्या घरी पोचलो. तिथे दाब कमी म्हणून अंगणात हातभर खड्डा खणून नळ खाली घेतलेला. नळाला तोटी नाही, नुसता पाइप. शेजारच्या घरात लाइनला मोटर लावलेली, तिचा आवाज येत होता. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग आला नाही. पुन्हा नवं पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले. काहीच नाही.

ज्या आळीत लोक आजारी पडले ती हीच आळी.

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. एक दिवसाआड, दोन दिवसांआड, उन्हाळ्यात आठवड्याने. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि आतली पोकळी बाहेरचं ओढून घेते. जिथे सांधा गळतो तिथून गटाराचं पाणी आत जातं. खड्ड्यातल्या नळाचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडालेलं असेल तर तेच पाणी उलटं लाइनमध्ये शिरतं. त्यात कुणी मोटर लावली की लाइनमधून ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हे सगळं शेवटच्या घराच्या हंड्यात जातं. टाकीतलं क्लोरीन वाटेतल्या घाणीशी झुंजून संपलेलं असतं.

म्हणून ओटी टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळावर घ्यावी, आणि दर आठवड्याला लाइनवरचा एखादा दुसरा नळही बघावा. शेवटच्या नळाला रंग आला तर वरच्या घरांची काळजी निम्मी मिटते. टाकीखाली आलेल्या रंगावरून खालच्या आळीबद्दल काहीही कळत नाही.

3. टीसीएल टाकणं हे मोजमापाचं काम आहे

ब्लीचिंग पावडरला गावात टीसीएलच म्हणतात. ताज्या, चांगल्या पावडरीत वजनाच्या साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, गोदामाला ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही, असा आरोग्य खात्याचा दंडक आहे आणि त्यासाठी पावडरीचे नमुनेही तपासले जातात. हजार लिटरला सुमारे 5 ग्रॅम हे प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ असतं. म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो. पण हा हिशेब चांगल्या पावडरीचा. तीच पावडर 20 टक्क्यांवर उतरली असेल तर तेवढ्याच क्लोरीनसाठी 400 ग्रॅमच्या वर लागेल. मी पाहिलेल्या गावात माप होतं प्लास्टिकचा एक फुटका मग. मग भरून टाकला की झालं, टाकी भरलेली असो की अर्धी.

टाकण्याची पद्धतही सांगतो, कारण ती अनेकांना कुणी दाखवलेलीच नसते. पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग बादली पाण्याने भरून ढवळायची आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. चुन्याचा गाळ तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं, गाळ बाहेर फेकायचा. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. कोरडी पावडर मूठभर टाकीत भिरकावली की वर तवंग, तळाला गाळ आणि पाण्यात धड काहीच मिसळलेलं नाही, अशी अवस्था होते.

ग्रामपंचायतीने एक वजनकाटा, झाकणाची बादली आणि पावडर ठेवायला हवाबंद प्लास्टिकचा डबा एवढं तरी घ्यावं. कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे हे.

4. नमुन्याची बाटली

अणुजीव तपासणीचा नमुना कोकाकोलाच्या बाटलीत भरून एसटीने तालुक्याला पाठवलेला मी पाहिला आहे. असा नमुना तपासून मिळणारा निकाल चांगला असो की वाईट, त्याला अर्थ नाही. बाटली प्रयोगशाळेतून आलेली निर्जंतुक हवी. नळाचं तोंड पुसून, जाळून, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यावं आणि मग बाटली भरावी. ती बर्फाच्या पेटीतून न्यावी आणि त्याच दिवशी, फार तर 24 तासांत पोचवावी.

या बाटलीत एक चिमूट रसायन आधीच घातलेलं असतं, सोडियम थायोसल्फेट. ते पाण्यातलं क्लोरीन जागच्या जागी मोडतं. ते नसेल तर वाटेत चार-सहा तास क्लोरीन बाटलीतले जंतू मारत राहतं, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना स्वच्छ होतो आणि कागदावर 'पिण्यास योग्य' येतं. नळावरचं पाणी मात्र होतं तसंच. आणखी एक गोष्ट: आदल्या रात्री 'उद्या नमुना घ्यायचाय' असा निरोप आला की सकाळी टाकीत दुप्पट टीसीएल पडते. नमुना न सांगता घ्यावा.

5. निकाल कुणाच्या हातात पडतो

माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेचा कणा हा मुद्दा आहे, आणि त्यासाठी एका दूरच्या गावाची हकिकत सांगायला हवी.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात वॉकरटन नावाचं सुमारे 5,000 वस्तीचं गाव आहे. मे 2000 मध्ये तिथे मोठा पाऊस झाला, जवळच्या शेतातलं शेणखत धुऊन एका उथळ विहिरीत गेलं आणि त्या विहिरीचं पाणी गावाला सुटलं. साधारण 2,300 लोक आजारी पडले, 7 जण दगावले. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांची चौकशी झाली. तिच्यातून जे बाहेर आलं ते वाचताना मला आमच्या तालुक्यातली नोंदवही आठवत होती. पंपावरचे कर्मचारी वर्षानुवर्षं क्लोरीन न मोजता रोजच्या तक्त्यात ठरावीक आकडे भरत होते. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा निकाल पाणीपुरवठा चालवणाऱ्यांच्या हाती 17 मेला पडला. त्यांनी तो आरोग्य खात्याला सांगितला नाही. विचारल्यावरही पाणी ठीक असल्याचं सांगत राहिले. आरोग्य अधिकाऱ्यांनी अखेर 21 मेला, स्वतःच्या अंदाजावर, पाणी उकळून प्या म्हणून जाहीर केलं. ते चार दिवस गाव नळाचं पाणी पीत होतं. प्रयोगशाळेवर आरोग्य खात्याला कळवण्याचं बंधन नव्हतं, आणि तिने कळवलंही नाही. पुढे ऑन्टारियोने कायदाच बदलला: वाईट निकाल प्रयोगशाळेने थेट आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचा.

श्रीमंत देश, शिकलेले लोक, आधुनिक यंत्रं. तरीही चूक झाली, कारण निकाल ज्याच्या अंगाशी येणार होता त्याच्याच हातात तो पडला.

आपल्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल ग्रामपंचायतीकडे जातो, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जातो, संगणकावरही चढतो. पाणी पिणाऱ्याकडे जात नाही. 'नमुना दूषित' असा कागद ग्रामसेवकाच्या (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) कपाटात पंधरा दिवस पडून राहिला तर गावाला कळायचा मार्ग नाही. माझं मागणं असं: निकाल हाती आल्याच्या दिवशी तो शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. दूषित असेल तर त्याच संध्याकाळी दवंडी, देवळाचा भोंगा, गावाचा व्हॉट्सअप गट, जे असेल त्यावरून 'पाणी उकळून प्या' हे सांगितलं जावं. लाइन कुठे फुटली ते शोधणं, टाकी धुणं, पुन्हा नमुना घेणं यांच्या तारखा त्याच कागदाखाली लिहिल्या जाव्यात. सरपंचाची बदनामी होईल ही भीती मला समजते. पण आजार लपवून राहत नाही, तो दवाखान्याच्या दारात दिसतोच.

6. जो टाकतो त्यानेच तपासू नये

जलसुरक्षक बहुतेक गावांत एकच माणूस असतो. तोच पंप चालवतो, व्हॉल्व्ह फिरवतो, टीसीएल टाकतो, ओटी घेतो, पाणीपट्टी वसूल करतो, सणासुदीला ग्रामपंचायतीचा मांडवही घालतो. पगार तुटपुंजा, तोही महिनोन्महिने थकलेला. या माणसाने स्वतःच्या कामाची तपासणी करून त्यात खोट काढावी अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा पगार आधी वेळेवर द्या. मग ओटीची नळी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.

ती कुणाच्या हातात द्यायची हे जलजीवन मिशनने आधीच सांगितलेलं आहे. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या या योजनेत प्रत्येक गावात पाच जणींना क्षेत्रीय तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यावं असं ठरलं. प्रशिक्षणं झाली, फोटो निघाले, संचही आले. मी विचारत गेलो तिथे बऱ्याच ठिकाणी संच कपाटात होते आणि द्रावणाच्या बाटल्यांची मुदत संपलेली. या बायकांना पाण्याची रोजची खबर असते. पाणी किती वाजता आलं, पहिल्या हंड्याला वास होता का, गढूळ होतं का, हे त्यांना विचारावं लागत नाही. प्रत्येक तपासणीला ठरलेले पैसे त्यांच्या खात्यात गेले पाहिजेत. हे काम फुकट करून घेतलं तर ते चार महिन्यांत बंद पडतं.

(ओटीच्या द्रावणातलं रसायन अंगाला घातक असल्याचा संशय आहे, म्हणून अनेक देशांनी डीपीडीच्या गोळ्या घेतल्या, त्यांनी पाणी गुलाबी होतं. आपणही तिकडे वळावं. तोवर नळीतलं पाणी चाखू नये, मुलांच्या हाती बाटली देऊ नये, हात धुवावेत.)

7. उकळून न जाणारे दोष

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडं आखडतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारं. बागायती भागात खतामुळे आणि गावाच्या सांडपाण्यामुळे नायट्रेट वाढतं, आणि ते तान्ह्या बाळांना सगळ्यात वाईट. मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5, नायट्रेट 45, त्यात सवलत नाही. हे दोष टीसीएलने जात नाहीत आणि उकळल्याने उलट दाट होतात. अशा गावाला 'पाणी उकळून प्या' सांगणं चूक आहे. त्याला दुसरा स्रोत द्यावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत नापास बोअरवर लाल रंग मारून 'पिण्यासाठी नाही' असं लिहावं लागतं.

8. वीज आणि पैसा हेही पाण्याच्या गुणवत्तेत येतात

जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचं दूषित पाणी पिऊन लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे बिल थकल्याने पाणीयोजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीवर गेले होते. नळाचा नमुना कितीही चांगला आला असता तरी त्या दिवशी त्याचा उपयोग नव्हता. पंप बंद पडेल त्या दिवशी गाव कुठून पाणी आणणार आणि त्या विहिरीत टीसीएल कोण टाकणार, हे आधी ठरलेलं हवं. पिण्याच्या पाण्याची वीज तोडण्याआधी गटविकास अधिकारी आणि आरोग्य अधिकारी यांना लेखी कळवणं बंधनकारक करावं.

पैसे नाहीत हे कारण मी अर्धंच मान्य करतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित ठेवला, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याच्या आणि पाणी साठवणीच्या कामांसाठी. त्यातून कमानी आणि पेव्हर ब्लॉक होत नाहीत, पण व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरची फरशी आणि गटारातून गेलेली लाइन बदलणं नक्की होतं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे पाणीपट्टी. ती आपणच भरत नाही.

9. शहराच्या कडेची गावं

नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही पुण्याच्या कडेची गावं 2021 मध्ये महापालिकेत गेली. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात गियाँ-बारे आजाराची साथ आली. पुणे परिसरात 200 हून अधिक संशयित रुग्ण झाले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला, आणि लक्ष विहिरीवरून होणाऱ्या पाणीपुरवठ्याकडे, टँकरकडे आणि गल्लोगल्लीच्या आरओ केंद्रांकडे गेलं. ग्रामपंचायत गेली, वस्ती दहापट झाली, पाणी मात्र जुन्याच स्रोतावर राहिलं, अशा वस्त्या नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर सगळीकडे आहेत. हद्दवाढीच्या आदेशात पाणी तपासण्याची जबाबदारी कोणत्या तारखेपासून कोणाची, हे एका ओळीत लिहिलेलं असावं.

वीस लिटरच्या जारबद्दलही एवढंच सांगतो: त्या पाण्यात क्लोरीन नसतं. जार नीट धुतला नसेल तर जंतूंना तिथे अडवणारं काही नाही.

10. मानक आहे, कायदा नाही

बाटलीबंद पाणी अन्नसुरक्षा कायद्याखाली येतं. नमुना नापास झाला तर विकणाऱ्यावर कारवाई होते. गावच्या नळाच्या पाण्यासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. 1991 मध्ये सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीने पिण्याचं पाणी पंचायतीच्या विषयांत घातलं, पण तपासणी चुकली तर पुढे काय याचं उत्तर कुठे नाही. सरकारने कार्डं ठेवली आहेत: स्रोताच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून लाल, पिवळं, हिरवं, आणि सलग पाच वर्षं हिरवं राहिलेल्या गावाला चंदेरी. कार्डाला माझा विरोध नाही. पण ते एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मिळतं आणि ऑगस्टमधल्या खालच्या आळीला त्याचा काही उपयोग नाही. राज्याने निदान तीन गोष्टींना कायद्याचं बळ द्यावं: शेवटच्या नळावरची रोजची ओटी, दूषित निकाल 24 तासांत गावाला सांगणं, आणि खोटी नोंद हा गुन्हा मानणं. तिसरी गोष्ट पहिल्या दोन नीट सुरू झाल्यावर, आधी नाही.

11. ग्रामसभेत काय विचारायचं

कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. 15 ऑगस्टच्या किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उठून विचारावं: शेवटच्या नळावर ओटी कोण घेतं? मागचा प्रयोगशाळेचा कागद दाखवा. टाकी कधी धुतली? टीसीएलची पावडर कधी आली, तिच्यात किती टक्के क्लोरीन निघालं? आणि 'पाण्याला औषधाचा वास येतो, टीसीएल कमी करा' हा ठराव कुणी मांडला तर त्याला विरोध करावा. वास नको असेल तर पाणी रात्रभर माठात ठेवा. सकाळी वास गेलेला असतो. माठाला ओगराळं हवं, हात बुडवायचा नाही.

ज्या गावची वही मी चाळली होती, त्या गावात आता ओटी शेवटच्या घरची एक सून घेते. बचत गटातली आहे, दहावी झालेली. तिची वही वेगळी आहे, साधी दोनशेपानी, आणि ती तिच्या दाराच्या खुंटीला टांगलेली असते. कुणीही उघडून बघावी. मी परवा गेलो तेव्हा तिच्यात गेल्या महिन्याच्या पानावर चार ठिकाणी 'रंग नाही' लिहिलेलं होतं. दोन वेळा टीसीएल संपलेली होती, एकदा टाकी धुतल्यावर टाकायची राहिली. चौथ्या वेळी देवळामागचा व्हॉल्व्ह गळत होता. तो दुसऱ्या दिवशी बदलला. त्याची तारीखही तिने समोर लिहिली आहे.